मुंबईत देखणी, आटोपशीर प्रीमियम स्टेशन वॅगन घेताना: आधी मोजपट्टी, मग मन

सेडानच्या पाठीला लांब डिकी जोडली की झाली स्टेशन वॅगन, असं म्हणणं या गाडीवर अन्याय करणारं आहे. तिचं छप्पर मागच्या टोकापर्यंत जवळजवळ सरळ जातं, मागचा दरवाजा काचेसकट उघडतो आणि सीट पाडली की आत लांबच लांब सपाट जागा तयार होते. उंची मात्र सेडानइतकीच राहते. मुंबईकरासाठी ही उंचीच सगळ्यात महत्त्वाची. इथल्या टॉवरांमधल्या यांत्रिक पार्किंगमध्ये उंच एसयूव्हीला चालतील असे खण मोजकेच असतात. एसयूव्हीच्या तोडीचं सामान नेणारी पण दीड मीटरच्या आतली गाडी सेडानच्या खणात निमूट जाते.

म्हणून खरेदीची सुरुवात जाहिराती चाळण्यापासून करू नका. पाच मीटरची स्टीलची मोजपट्टी घ्या आणि खाली पार्किंगमध्ये जा.

आधी स्वतःचा खण मोजा

यांत्रिक पार्किंगच्या खांबावर एक पाटी असते. तिच्यावर गाडीची कमाल लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहिलेलं असतं. सेडानच्या खणाची उंचीची मर्यादा पुष्कळ ठिकाणी १५५० मिमीच्या आसपास असते, पण पाटीवर विसंबू नका. वरून जाणारा स्प्रिंकलरचा पाइप, बीम किंवा वरच्या पॅलेटची (गाडी उभी राहते त्या लोखंडी तबकाची) साखळी यांतलं जे सगळ्यात खाली असेल तिथपासून मोजा. मग पॅलेटच्या दोन कडांमधली आतली रुंदी मोजा. १८ किंवा १९ इंची रिम आणि पातळ टायर असलेली गाडी रोज त्या लोखंडी कडेला घासली, तर वर्षभरात चारही रिम खरवडून निघतात.

माहितीपत्रकातली उंची रूफ रेल आणि अँटेना धरून आहे की नाही, हेही तपासा. मिनी क्लबमनची उंची १४४१ मिमी आहे आणि व्होल्वो व्ही४० क्रॉस कंट्रीची १४५८ मिमी, म्हणून दोघींनाही काही अडचण नाही. व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री १५४३ मिमी उंच आहे. १५५० च्या खणात तिला फक्त सात मिमी उरतात, म्हणजे व्यवहारात काहीच उरत नाही. तिचं वजनही दोन टनांच्या जवळ जातं, म्हणून पाटीवरचा वजनाचा आकडा विसरू नका.

मागचा दरवाजा उघडायला किती जागा आहे, याचा विचार फार कमी लोक करतात. वर उचलला जाणारा दरवाजा खणात उघडतच नाही, सामान बाहेर रॅम्पवरच काढावं लागतं. क्लबमनला मागे कपाटासारखी दोन दारं आहेत आणि ती मागच्या बाजूला अर्धा-पाऊण मीटर जागा खातात. पाठ भिंतीला लावून गाडी उभी करायची सवय असेल, तर भिंतीपासून तेवढं अंतर रोज सोडता येईल का, ते बघून घ्या.

शेवटी तळघराचा रॅम्प. वॅगनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर लांब असतं, त्यामुळे रॅम्पच्या माथ्यावर पोट घासण्याचा धोका असतो. माथ्यावर जुन्या घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर गाडी ठरवण्याआधी ती चार माणसं बसवून याच रॅम्पवर आणून बघा.

मिळतं काय

युरोपात या वर्गात ऑडी ए४ अवांत, बीएमडब्ल्यू ३ टूरिंग, व्होल्वो व्ही६० आणि मर्सिडीज सीएलए शूटिंग ब्रेक अशी रेलचेल आहे. यांपैकी एकही आपल्याकडे शोरूममधून रीतसर विकली गेली नाही. त्यामुळे इथे निवड मुख्यतः वापरलेल्या गाड्यांतूनच करावी लागते, आणि यादी छोटी आहे.

मिनी क्लबमन ही नावाला शोभणारी, खरोखर आटोपशीर वॅगन. दुसऱ्या पिढीची कूपर एस भारतात डिसेंबर २०१६ मध्ये ३७.९ लाख रुपये शोरूम किमतीला आली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९२ अश्वशक्ती, ८ गिअरचा ऑटोमॅटिक, लांबी ४२५३ मिमी. डिकी ३६० लिटरची आणि सीट पाडल्यावर १२५० लिटरची. गाडी पूर्ण तयार स्थितीत आयात व्हायची, म्हणून बॉडीचे भाग महाग पडतात आणि मागच्या दारांसारखा खास भाग यायला वेळ लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कुळातल्या गाड्या मात्र इथे भरपूर आहेत. जगभरातलं तिचं उत्पादन २०२४ च्या सुरुवातीला थांबलं.

बीएमडब्ल्यू ३ सिरीज ग्रॅन टुरिस्मो काटेकोर अर्थाने वॅगन नाही, तिचं छप्पर मागे उतरतं. पण काम वॅगनचं करते: ५२० लिटरची डिकी, सीट पाडल्यावर १६०० लिटर, मागची सीट ४०:२०:४० अशी तीन तुकड्यांत पडते. चाकांमधलं अंतर २९२० मिमी, म्हणजे त्या काळच्या साध्या ३ सिरीजपेक्षा ११० मिमी जास्त, आणि मागे पाय पसरून बसता येतं. ही चेन्नईत जोडली जायची, त्यामुळे भाग मिळणं सोपं. लांबी ४८२४ मिमी आहे, तेव्हा पुन्हा मोजपट्टी.

व्होल्वो व्ही४० क्रॉस कंट्री २०१३ मध्ये आली. दिसायला वॅगन, डिकी फक्त ३३५ लिटर, मागची सीट आणि मागची काच दोन्ही आखूड. सुरक्षिततेसाठी आणि बांधणीसाठी घ्यावी, सामानासाठी नव्हे. व्ही९० क्रॉस कंट्री (२०१७) आणि मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेन (२०१८) या खऱ्याखुऱ्या वॅगन आहेत, पण पाच मीटरला टेकलेल्या. त्यांना आटोपशीर म्हणवत नाही. स्कोडा ऑक्टेव्हिया कॉम्बी अजून कुठेकुठे दिसते. ती हौसेची गाडी आहे, रोजच्या वापरासाठी घेऊ नये.

आमचं मत स्पष्ट आहे. दोन मोठी माणसं, एक-दोन लहान मुलं आणि शहरातला वापर असेल तर क्लबमन. गणपतीला पाच जणांनी कोकणात जायचं, आंब्याच्या किंवा फणसाच्या मोसमात तिकडून डिकी भरून आणायची, तर ग्रॅन टुरिस्मो. शोरूमच्या लिटरच्या आकड्यांपेक्षा घरातल्या दोन मोठ्या बॅगा, मुलाची ढकलगाडी किंवा तबला-डग्ग्याची पेटी सोबत घेऊन जा आणि विकणाऱ्यासमोर डिकीत ठेवून बघा. काही आयात गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळावरच उघडी ठेवलेली असते. तिने खाल्लेली जागा कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

परदेशातून स्वतः गाडी आणायचा विचार बहुतेकांनी सोडून द्यावा. वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली, उजव्या स्टीअरिंगची हवी आणि फक्त मुंबई बंदरातूनच उतरवता येते. आयात कर गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होतो. महाराष्ट्रात आयात गाडीला रस्ता कर २० टक्के आहे. आधीच कुणी आणलेली अशी गाडी विकायला असेल, तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एन्ट्री मागा आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. कार्नेवर, म्हणजे सीमाशुल्काच्या तात्पुरत्या परवान्यावर आलेली गाडी इथे विकता येत नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी.

गाडीआधी कागद

नंबर कळताच वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर तपशील काढा: पहिल्या नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का. मग ई-चलन बघा. मुंबईत चार-पाच वर्षं फिरलेल्या वेगवान गाडीवर वेगमर्यादेची चलनं साचलेली असणं नवीन नाही. ती विकणाऱ्याने भरून पावती द्यावी, भावातून 'वजा करू' म्हटलं तर मानू नका.

चासी नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास मिळतो. मालकालाच तो ईमेलने मागवायला सांगा आणि तो ईमेल पुढे पाठवायला सांगा. कागदी फाइल बनवता येते. इतिहासात दोन गोष्टी शोधा: किलोमीटरचे आकडे क्रमाने वाढतात का, आणि जुलै-ऑगस्टमध्ये एखादं मोठं इलेक्ट्रिकचं किंवा गालिचे बदलण्याचं काम झालंय का. पाण्यात बुडालेली गाडी अनेकदा याच नोंदीतून उघड होते.

नंबर एमएच-०१, ०२, ०३ किंवा ४७ असेल तर ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीचं आरटीओ, म्हणजे काम घरच्या घरी. पुण्याची किंवा ठाण्याची गाडी असली तरी रस्ता कर पुन्हा लागत नाही. परराज्यातली गाडी मात्र हिशोब बदलते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर घातलेल्या बंदीच्या धास्तीने तिथल्या गाड्या स्वस्तात निघत आल्या आहेत आणि इथे विकायला येतात. त्यांना फॉर्म २८ ची एनओसी लागते, महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरावा लागतो आणि तिकडे भरलेल्या कराचा परतावा मिळायला खेटे घालावे लागतात. आयात गाडी असेल तर हा कर २० टक्क्यांच्या दराने मोजला जातो. 'दोन लाख स्वस्त' हे गणित इथेच संपतं.

पाहणी: दिवसा, कोरड्यात, थंड इंजिनावर

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागला तर चालवून बघणं दुसऱ्या दिवसावर ढकला. कारण सगळ्यात महागडे आजार पहिल्या दहा सेकंदांत बोलतात. ग्रॅन टुरिस्मोच्या आधीच्या डिझेलमध्ये (१८४ अश्वशक्तीच्या एन४७ इंजिनात) टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल झाली की थंड इंजिनावर मागून खडखड ऐकू येते, आणि बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नंतरच्या १९० अश्वशक्तीच्या बी४७ मध्ये हा त्रास कमी आहे. शक्य असेल तर तीच घ्या. क्लबमनच्या बी४८ पेट्रोलमध्ये ऑइल फिल्टरच्या आवरणाभोवती तेल किंवा कूलंट पाझरलंय का ते टॉर्च मारून पाहा. व्होल्वोत टायमिंग बेल्ट असतो. तो बदलल्याचं बिल नसेल, तर बदलायचाच आहे असं धरून पैसे बाजूला ठेवा, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व वाकतात.

आता पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, हे सगळ्यांना आठवतं. पण गाड्या बुडायला तेवढा पाऊस लागत नाही. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट या जागा एका दुपारच्या सरीत भरतात, आणि तळघरातलं पार्किंग तर रस्त्यावर पाणी ओसरल्यावरही भरलेलं असतं. बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, अत्तर मारून उभी केली तरी काही जागा खोटं बोलत नाहीत:

- सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर गाडी सोडा.
- सीटच्या रुळांचे बोल्ट आणि सीटखालच्या स्प्रिंगा बघा. वरून चकचकीत गाडीत तिथला गंज पाण्याचाच.
- डिकीचा तळ उचला आणि स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यांत बोट फिरवा. बारीक गाळ लागतो का? बीएमडब्ल्यूत बॅटरी मागे असते, तिच्या खालीही पाहा.
- सीटखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी चढली असेल, तर आज सगळं चालत असलं तरी सहा महिन्यांनी एकेक बंद पडत जाईल.

वॅगनला पाणी वरूनही शिरतं, आणि ते पुराइतकंच वाईट. मोठ्या काचेच्या छपराच्या चौकटीत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. धुळीने आणि पानांच्या चुऱ्याने त्या तुंबल्या की पाणी आतल्या खांबांतून उतरून गालिच्याखाली साचतं. छप्पर उघडून चौकटीच्या कोपऱ्यांत हळूहळू अर्धा लिटर पाणी ओता. ते गाडीखाली, चाकांजवळ ठिबकलं पाहिजे. ठिबकलं नाही तर पुढच्या गालिच्याखाली हात घाला. मागच्या दरवाजाचं रबरही अंगठ्याने दाबून पाहा. ते कडक झालं असेल तर डिकीत वास येतो.

मागच्या दरवाजाच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून वायरी जातात. हजारो वेळा उघडझाप झाल्याने त्या आतल्या आत तुटतात. मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, कॅमेरा, काच गरम करणारी जाळी, कुलूप: हे सगळं एकेक करून चालवा. एखादं मधेच चालतं, मधेच बंद पडतं असं दिसलं, तर दोष बहुधा त्या नळीतच असतो. क्लबमनमध्ये हे दोन्ही दारांना करा, कारण तिचे मागचे दिवे दारांवरच आहेत आणि दारं उघडल्यावर बंपरमधले वेगळे दिवे लागतात. तेही लागतात का ते पाहा. दारं एकामागून एक ठरल्या क्रमानेच बंद होतात. जोर लावून उलट्या क्रमाने आपटलेली असतील तर मधल्या फटी असमान दिसतात.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्याने मिळतं किंवा मेकॅनिककडे असतं. कंपनीचा मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेलं की पुन्हा रंगवलेलं, आणि त्याच्या कितीतरी पट आकडा आला की खाली पुट्टी. मुंबईत दार किंवा बंपर रंगवलेला नसलेली गाडी विरळाच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. छप्पर, दरवाजांचे खांब आणि डिकीच्या आतला पत्रा रंगवलेला असेल तर मात्र निघून या. वॅगनच्या मागच्या भागाची ताकद तिथल्या चौकटीत असते, तिथे वेल्डिंग झालेली गाडी क्वचितच पुन्हा पूर्ण सरळ होते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे टायर खोल नक्षी असली तरी बदलायचे. क्लबमन आणि ग्रॅन टुरिस्मो बहुधा रनफ्लॅटवर (हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या टायरांवर) येतात. चार एकदम घ्यायचे तर खर्च लाखाच्या घरात जातो, तो भावातून कापा. त्यांच्या बाजूवर फुगवटा आहे का, हे आतल्या अंगालाही बघा. आपल्या खड्ड्यांत ही बाजूच आधी जाते.

संगणकावर तपासणी करायची ती त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवरच: बीएमडब्ल्यू-मिनीला इस्टा, व्होल्वोला विडा, मर्सिडीजला झेंट्री. स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे दोष दाखवतो. योग्य यंत्रणेवर वेगवेगळ्या मॉड्यूलमधले किलोमीटरही वाचता येतात, आणि मीटर मागे फिरवलेला असेल तर ते एकमेकांशी जुळत नाहीत. डिझेल असेल तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी किती साचलीय ते विचारा. दादर ते परळ अशा रोजच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत डीपीएफ कधीच पुरेसा तापत नाही आणि तुंबतो. तुमचाही वापर तसाच असेल तर डिझेल घेऊच नका.

चालवून बघणं

किमान ४० मिनिटं. दहा मिनिटं एसी पूर्ण लावून गाडी जागीच चालू ठेवा. गर्दीत मरणारा एसी इथे पकडला जातो. मग खराब रस्त्यावर, काचा वर करून आणि रेडिओ बंद ठेवून, २० च्या वेगाने जा. रिकाम्या वॅगनची मागची पोकळी ढोलासारखी आवाज वाढवते, म्हणून आवाज मागून येतो असं वाटलं तरी आधी डिकीतला सैल माल, सामानाचा पडदा आणि सीटचे खटके दाबून बघा. तरीही ठकठक राहिली तर सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) झिजलेले असतात. पुढे वेस्टर्न एक्सप्रेस हायवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर गिअर वर-खाली होताना धक्का बसतो का, ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग थरथरतं का, ते पाहा. मागच्या सीटवर दोघांना बसवून एका उंच स्पीडब्रेकरवरून न्या.

मोठ्या वॅगनमध्ये मागे हवेचं सस्पेन्शन असेल, तर संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा आणि सकाळी गाडी चालू न करता पुन्हा मोजा. एक बाजू बोटभर बसली असेल तर हवा गळते आहे.

भाव आणि नावबदल

गाडीच्या किमतीवर १० ते १५ टक्के पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा. तेवढे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्या. कर्ज काढणार असाल तर आधी बँकेत विचारा, कारण कर्ज फिटेल तेव्हा गाडी किती वर्षांची असेल ते बँका बघतात.

टोकन देताना साध्या कागदावर लिहून घ्या: रक्कम, चासी नंबर, आणि तपासणीत पाण्याचा किंवा मोठ्या अपघाताचा पुरावा निघाला तर टोकन परत. उरलेले पैसे बँकेतूनच द्या. नावबदलाला फॉर्म २९ आणि ३० लागतात, बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावबदलाचा अर्ज ३० दिवसांत, विमा आपल्या नावावर १४ दिवसांत. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही, म्हणून हप्ता तो सांगतो त्यापेक्षा जास्त येईल.

विम्यात इंजिन संरक्षणाचं कलम घ्याच. साध्या पॉलिसीत पाणी शिरून अडकलेलं इंजिन बहुतेक वेळा नाकारलं जातं. आणि ते कलम असलं तरी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायची नाही, ढकलून बाहेर काढायची. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पहिले पंधरा दिवस

विकणारा काहीही म्हणो, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभराचं' असं सांगतात, पण मुंबईच्या थांबत-सरकत जाणाऱ्या गर्दीत ६०-८० हजार किलोमीटरला ते बदललेलं बरं. किल्ल्या दोन मिळाल्यात ना, आणि दोन्ही चालतात ना? रनफ्लॅट काढून साधे टायर लावणार असाल, तर स्टेपनी किंवा पंक्चरचं किट आणि हवेचा छोटा पंप डिकीत आधी ठेवा, मग टायर बदला.

छपराच्या नळ्या वर्षातून दोनदा साफ करून घ्यायच्या: एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, एकदा दिवाळीच्या आधी. बारीक, लवचीक नायलॉनची दोरी वापरा. हवेच्या जोराच्या फवाऱ्याने नळीचं टोक आतल्या आत निसटतं, आणि मग ते परत बसवायला छताचं सगळं अस्तर उतरवावं लागतं.